पहिला कॅमेरा कसा निवडावा?

आजकाल मुलें आईवडिलांपाशीं ज्या वस्तूंचा हट्ट धरतात, त्यांत कॅमेऱ्याची गणना अवश्य करावी लागेल. सहलीच्या मंडळींत, स्नेहसंमेलनाच्या रंगमंचापाशीं किंवा क्रीडांगणाच्या कडेला कोणीतरी गळ्यांत कॅमेरा अडकवून उभा असतो, आणि त्याच्याकडे पाहून दहा जणांच्या मनांत तीच इच्छा उत्पन्न होते. ही इच्छा वाईट आहे असें कोणीहि म्हणणार नाहीं. छायाचित्रणाच्या छंदानें नजर तीक्ष्ण होते, प्रकाशाचें शास्त्र हातीं लागतें आणि धीर अंगीं बाणतो. परंतु ही वस्तु स्वस्त नव्हे. बहुतेक घरांत तिच्यासाठीं दुसरा एखादा खर्च पुढें ढकलावा लागतो. घाईनें, केवळ जाहिरातीवर विसंबून घेतलेला कॅमेरा चार महिन्यांत कपाटांत जाऊन पडतो, हेंहि अनेकांच्या पाहण्यांतलें आहे. मग पैसे गेले ते गेलेच, शिवाय ‘याचें मन कशांतच रमत नाहीं’ असा ठपका मुलावर येतो. वस्तुतः दोष मुलाचा नसतो, निवडीचा असतो. म्हणून कोणत्या गोष्टीस महत्त्व द्यावें आणि कोणत्या गोष्टीकडे खुशाल दुर्लक्ष करावें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम हें यंत्र काय आहे तें पाहूं. कॅमेरा म्हणजे मुळांत एक अंधारी पेटी. तिच्या एका बाजूस भिंग, म्हणजे लेन्स, असतें. समोरच्या बाजूस प्रकाश टिपणारा पृष्ठभाग असतो. आणि ठराविक काळ उघडून मिटणारा एक पडदा असतो, त्यास शटर म्हणतात. पूर्वीं प्रकाश टिपण्याचें काम फिल्म करीत असे. डिजिटल कॅमेऱ्यांत तें सेन्सर नांवाचें सिलिकॉनचें साधन करतें. त्याच्यावर लक्षावधि प्रकाशग्राही बिंदु ओळींनीं मांडलेले असतात. यांनाच पिक्सेल म्हणतात. प्रत्येक बिंदूवर किती प्रकाश पडला याची मोजदाद होते आणि ती आंकड्यांच्या रूपानें मेमरी कार्डावर साठविली जाते.

१९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनीं सीसीडी नामक साधनाची कल्पना मांडली. तिच्याबद्दल २००९ सालच्या पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकांत त्यांस वांटा मिळाला. १९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियरानें असें साधन वापरून एक डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याचें वजन साडेतीन किलोच्या वर होतें, त्यांत अवघे १०,००० पिक्सेल होते, आणि एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर उतरविण्यास त्यास २३ सेकंद लागत. आज खिशांतल्या मोबाइलमध्येंहि त्याच्या हजारपटीहून अधिक पिक्सेल असतात. प्रगति झाली ती अशी. परंतु पेटी, भिंग, पडदा आणि प्रकाश टिपणारा पृष्ठभाग ही मांडणी तीच राहिली, आणि निवड करतांना विचार करावयाचा तोहि यांचाच.

दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें एका कागदावर एकाच प्रश्नाचें उत्तर लिहावें: मला कशाचीं चित्रें घ्यावयाचीं आहेत? ‘सगळ्याचीं’ हें उत्तर चालणार नाहीं. तळ्याकांठचे पक्षी टिपावयाचे असतील, तर दूरचें जवळ आणणारें लांब भिंग हवें, आणि तें महाग व जड असतें. फुलावरचा किडा टिपावयाचा असेल, तर अगदीं जवळून स्पष्ट दाखविणारें मॅक्रो भिंग हवें. सह्याद्रींतील किल्ले टिपावयाचे असतील, तर चढतांना पाठीस भार होणार नाहीं असा हलका कॅमेरा हवा. आजीचा चेहरा, शेजारचीं मुलें, बाजारांतील माणसें टिपावयाचीं असतील, तर साधें, पण पुष्कळ प्रकाश आंत घेणारें भिंग पुरे. कबड्डीचा सामना टिपावयाचा असेल, तर धांवत्या खेळाडूवर झटकन् स्थिर होणारा फोकस हवा. उत्तर जितकें नेमकें, तितका खर्च कमी, हा अनुभव ठेवण्यासारखा आहे.

आणि उत्तर असें आलें कीं ‘घरच्या मंडळींचीं व सहलीचीं चित्रें, दिवसाउजेडीं, आणि पाहावयाचीं तींहि मोबाइलच्या पडद्यावरच’, तर कॅमेरा घेऊंच नये. घरांत असलेला बरासा मोबाइल हें काम उत्तम करतो. वेगळा कॅमेरा तीन कारणांसाठीं लागतो: कमी उजेडांत हलत्या वस्तु टिपणें, दूरच्या वस्तु टिपणें, आणि प्रकाशावर स्वतःच्या हातानें हुकमत ठेवणें. या तिहींपैकीं एकहि गरज नसेल, तर पैसे राखून ठेवणें हेंच शहाणपणाचें.

आतां जाहिरातींत सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला आंकडा पाहूं. तो असतो मेगापिक्सेलचा. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लक्ष बिंदु. जितके बिंदु अधिक तितकें चित्र सरस, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तिची परीक्षा गणितानेंच करूं. हातीं धरून पाहावयाच्या चित्राच्या छपाईस दर इंची ३०० बिंदु पुरेसे मानतात. त्या हिशेबानें ६ इंच लांब व ४ इंच रुंद अशा नेहमीच्या प्रतीस १,८०० गुणिलें १,२००, म्हणजे २१ लाख ६० हजार बिंदु लागतात. १२ इंच लांब व ८ इंच रुंद प्रतीस ८६ लाख ४० हजार लागतात. २४ मेगापिक्सेलच्या चित्राची लांबी ६,००० व रुंदी ४,००० बिंदूंची असते. त्याची २० इंच लांब व १३ इंचांहून अधिक रुंद प्रत निघते. या वार्षिकाचें पान याहून पुष्कळच लहान आहे. शिवाय बिंदूंची संख्या दुप्पट केल्यानें चित्राची लांबी दुप्पट होत नाहीं. १२ चे २४ मेगापिक्सेल केले, तरी लांबी सुमारें १.४ पटच वाढते. लांबी-रुंदी दुप्पट हवी असेल तर बिंदु चौपट लागतात. तेव्हां हा आंकडा १२ वा १६ च्या पुढें असला म्हणजे झालें. त्यावर अधिक पैसे घालण्याचें कारण नाहीं.

मग महत्त्व कशास द्यावें? पहिली गोष्ट सेन्सरचा आकार. पावसाच्या वेळीं अंगणांत एक तांब्या आणि एक परात शेजारीं शेजारीं ठेविली, तर दोन्हींवर पाऊस सारखाच पडतो. पण परातींत पाणी अधिक जमतें, कारण तिचें तोंड रुंद. सेन्सरचें तसेंच आहे. प्रकाश हा त्याचा पाऊस. ‘फुल फ्रेम’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ गुणिलें २४ मिलिमीटर असतो; त्याचें क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. ‘एपीएस-सी’ जातीचा सेन्सर सुमारें २३.५ गुणिलें १५.६ मिलिमीटर, क्षेत्रफळ सुमारें ३६७. ‘मायक्रो फोर थर्ड्स’ जातीचा १७.३ गुणिलें १३ मिलिमीटर, क्षेत्रफळ सुमारें २२५. ‘एक इंची’ म्हणवणारा सेन्सर प्रत्यक्षांत १३.२ गुणिलें ८.८ मिलिमीटरच असतो. त्याची कोणतीहि बाजू एक इंच भरत नाहीं. आणि खिशांतल्या स्वस्त कॅमेऱ्यांत जो सेन्सर बहुधा आढळतो, त्याचें क्षेत्रफळ सुमारें २८ चौरस मिलिमीटर! म्हणजे एपीएस-सी सेन्सर त्याच्या तेरापट मोठा. भर उन्हांत हा फरक फारसा जाणवत नाहीं. पण सायंकाळीं दिवाणखान्यांत दिवा लावून चित्र घेतलें, कीं लहान सेन्सरच्या चित्रांत रवाळ ठिपके उठलेले दिसतात, आणि मोठ्या सेन्सरचें चित्र स्वच्छ येतें. मोबाइलवर १०८ किंवा २०० मेगापिक्सेल हा आंकडा झळकत असला, तरी तो बहुधा शेजारचे ९ किंवा १६ बिंदु एकत्र करून सुमारें १२ मेगापिक्सेलचेंच चित्र देतो. लहान भांड्यांतलें पाणी एकत्र ओतून एक मोठें भांडें भरावें, तसाच हा प्रकार.

दुसरी गोष्ट भिंग. आणि आमच्या मतें ही सर्वांत महत्त्वाची. कॅमेरा जुना होतो, चांगलें भिंग मात्र अनेक वर्षें कामीं येतें. भिंगावर दोन आंकडे कोरलेले असतात. एक नाभ्यंतर, मिलिमीटरमध्यें: तें जितकें मोठें, तितकी दूरची वस्तु मोठी दिसते आणि दृश्याचा आवांका कमी होतो. दुसरा आंकडा ‘एफ’ या अक्षराशेजारीं असतो, आणि तो भिंगाचें छिद्र किती उघडतें हें सांगतो. येथें नवशिक्याची हमखास फसगत होते, कारण हा आंकडा जितका लहान, तितकें छिद्र मोठें. नव्या कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८ ते ५५ मिलिमीटरचें एक भिंग येतें. ५५ मिलिमीटरला त्याचें छिद्र एफ ५.६ इतपतच उघडतें. याउलट ५० मिलिमीटरचें एफ १.८ चें साधें, झूम नसलेलें भिंग घेतलें, तर तें जवळजवळ दहापट प्रकाश आंत घेतें, कारण प्रकाश आंकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत बदलतो.

या दहापटीचा अर्थ प्रत्यक्षांत काय होतो? समजा, स्नेहसंमेलनाच्या दिवशीं सायंकाळीं रंगमंचावर नृत्य चाललें आहे. पहिल्या भिंगानें तेथें सेकंदाचा पंचविसावा भाग पडदा उघडा ठेवावा लागला, तर तेवढ्या वेळांत नर्तिकेचा हात बराच सरकतो आणि चित्रांत धुरकट पट्टा उमटतो. दुसऱ्या भिंगानें सेकंदाचा अडीचशेंवा भाग पुरतो, आणि हात बऱ्याच अंशीं जागच्या जागीं टिपला जातो. पुष्कळ कॅमेऱ्यांत हाताचा कंप शोषून घेण्याची सोय असते. ती उपयोगी आहे, पण ती फक्त आपला हात स्थिर करते, नाचणाऱ्या मुलीला स्थिर करीत नाहीं. तेव्हां कॅमेऱ्याच्या वरच्या प्रतीवर अधिक पैसे घालण्यापेक्षां साध्या प्रतीचा कॅमेरा घेऊन उरलेल्या पैशांत असें एक भिंग घ्यावें. एपीएस-सी सेन्सरवर ५० मिलिमीटरचें भिंग चेहऱ्यांस उत्तम. ३५ मिलिमीटरचें घेतल्यास दृश्य डोळ्यांना दिसतें त्याच्या बरेंच जवळ जाणारें मिळतें.

झूमविषयीं एक सावधगिरी. भिंगांतील कांचा पुढेंमागें सरकून जो झूम होतो तो ऑप्टिकल, म्हणजे खरा. ‘डिजिटल झूम’ म्हणजे केवळ चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करून दाखविणें. तें काम घरीं संगणकावरहि करतां येतें. दुकानदारानें ‘इतकेपट झूम’ असें सांगितलें, तर तो कोणता, हें अवश्य विचारावें.

तिसरी गोष्ट, कॅमेरा स्वतःच्या हातानें चालवितां येतो कीं नाहीं. प्रकाशाच्या तीन किल्ल्या असतात: छिद्र, पडद्याचा वेग, आणि सेन्सरची संवेदनशीलता, जी आयएसओ या आंकड्यानें सांगतात. छिद्र मोठें केलें कीं पार्श्वभूमि पुसट होऊन चेहरा उठून दिसतो. लहान केलें कीं जवळचें झाड व दूरचा डोंगर दोन्ही स्पष्ट येतात. पडद्याचा वेग वाढविला कीं उडतें पाणी गोठल्यासारखें दिसतें. कमी केला कीं तेंच पाणी दुधाच्या धारेसारखें उतरतें. आयएसओ वाढविला कीं अंधारांत काम भागतें, पण चित्र रवाळ होतें. एक किल्ली फिरविली कीं दुसरी जुळवून घ्यावी लागते, आणि हीच या विद्येची बाराखडी होय. जुन्या छायाचित्रकारांचा एक सोपा नियम आजहि लागू पडतो: स्वच्छ उन्हांत छिद्र एफ १६ ठेवावें, आणि आयएसओचा जो आंकडा असेल तितकावा सेकंदाचा भाग पडदा उघडावा. आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. ज्या कॅमेऱ्यांत या तिन्ही किल्ल्या विद्यार्थ्याच्या हातीं दिलेल्या नाहींत, तो कितीहि देखणा असला तरी शिकण्यासाठीं निरुपयोगी समजावा.

आतां प्रकारांकडे वळूं. खिशांत मावणारे छोटे कॅमेरे सोयीचे खरे, पण त्यांतील लहान सेन्सरचे कॅमेरे मोबाइलहून फारसें वेगळें कांहीं देत नाहींत. लांब झूम असलेले, भिंग न बदलतां येणारे कॅमेरे पक्षी पाहणाऱ्यास भर दिवसां उपयोगी पडतात, पण बहुधा त्यांचाहि सेन्सर लहानच असतो. डीएसएलआर जातीच्या कॅमेऱ्यांत एक आरसा असतो. तो भिंगांतून आलेलें दृश्य वर डोळ्याकडे पाठवितो आणि चित्र घेतांना बाजूस उचलला जातो. २००८ सालीं पॅनासॉनिकनें जी-१ हा बिनआरशाचा, भिंग बदलतां येणारा कॅमेरा बाजारांत आणला. त्यानंतर ही मिररलेस जात वाढत गेली, आणि गेल्या कांहीं वर्षांत बड्या कंपन्यांनीं आपलें लक्ष तिच्याकडेच वळविलें आहे. मिररलेस कॅमेरा हलका असतो, आणि चित्र कसें येणार तें घेण्यापूर्वींच पडद्यावर दिसतें. नवशिक्यास ही मोठीच सोय. मात्र त्याची बॅटरी लवकर उतरते. डीएसएलआर जड खरा, पण वापरलेला घेतल्यास पुष्कळ स्वस्त मिळतो, आणि त्याचीं जुनीं भिंगेंहि माफक किंमतींत मिळतात. पैसे बेताचे असतील तर जुना डीएसएलआर, थोडे अधिक असतील तर साधा एपीएस-सी मिररलेस, असा सरळ हिशेब धरावा. फुल फ्रेमचा मोह प्रारंभीं टाळावा. कॅमेऱ्याहून त्याचीं भिंगेंच महाग पडतात.

वापरलेला कॅमेरा घेण्यांत कमीपणा कांहीं नाहीं, पण तो पारखून घ्यावा. पडदा आजवर किती वेळां उघडला याची नोंद अनेक कॅमेऱ्यांत असते. साध्या प्रतीच्या डीएसएलआरचा पडदा सुमारें एक लाख वेळां चालावा असा बनविलेला असतो, तेव्हां आंकडा त्याच्या बराच खालीं असावा. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचें चित्र घ्यावें. सेन्सरवर धूळ वा डाग असल्यास काळे ठिपके दिसतात. भिंगांतून विजेरीचा उजेड आरपार टाकून पाहावा. आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसले, तर ती बुरशी होय, आणि तें भिंग फुकट मिळालें तरी घेऊं नये. मूळ पावती मागावी व तिच्यावरील क्रमांक कॅमेऱ्यावरील क्रमांकाशीं ताडून पाहावा. नवा घेतांनाहि हमीपत्र भारतांतील आहे ना, आणि दुरुस्तीचें केंद्र जवळच्या शहरांत आहे ना, हें विचारण्यास संकोचूं नये.

बुरशीचा उल्लेख आला, त्याविषयीं थोडें अधिक सांगणें जरूर आहे. कारण मुंबई, कोंकण व गोवा येथील पावसाळ्यांत कॅमेऱ्याचा हाच मोठा शत्रु. दमट हवेंत, अंधारांत, कातडी पिशवींत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या भिंगावर ती वाढते, आणि कांचेवरचा पातळ लेप कायमचा खाऊन टाकते. उपाय सोपा आहे. घट्ट झांकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यांत कॅमेरा ठेवावा, पुड्या ओल धरतील तेव्हां बदलाव्या, आणि पावसाळ्यांतहि आठवड्यांतून एकदां तरी कॅमेरा बाहेर काढून वापरावा. वापर हेंच उत्तम औषध. म्हणून अंदाजपत्रक करतांना कॅमेरा व भिंग यांतच सर्व रक्कम संपवूं नये. एक मेमरी कार्ड, एक जादा बॅटरी, साधी पिशवी आणि हा डबा यांसाठीं कांहीं रक्कम राखावी.

शेवटची परीक्षा हाताची. दुकानांत कॅमेरा हातीं घ्यावा, डोळ्याशीं धरावा, एका हातानें त्याच्या किल्ल्या फिरवून पाहाव्या. तो हातांत नीट बसत नसेल, किंवा घेऊन फिरण्याचा कंटाळा येईल इतका जड असेल, तर गुणांची यादी कितीहि लांब असो, तो आपला नव्हे. जो कॅमेरा घरीं राहतो, त्याचा सेन्सर कितीहि मोठा असला तरी चित्र येत नाहीं.

साधनाचें महत्त्व किती मानावें, याचें एक उदाहरण आपल्या जवळचेंच आहे. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) या भारतांतील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जातात. त्यांचा जन्म नवसारीचा, शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंतलें. प्रारंभीं त्यांचीं चित्रें पतीच्या नांवानें छापलीं जात. पुढें दिल्लींत राहून स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळचे प्रसंग त्यांनीं टिपले, आणि २०११ सालीं त्यांस पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. त्या वापरीत त्या कॅमेऱ्यांत रोलिफ्लेक्स हा एक होता. त्यास झूम नसे, भिंग बदलतां येत नसे, आणि एका रोलवर बाराच चित्रें निघत. बारा चित्रें संपलीं कीं नवी फिल्म घालीपर्यंत प्रसंग निघून जाई. म्हणून बटण दाबण्यापूर्वीं नीट पाहावें लागे. आज कार्डावर हजारों चित्रें मावतात, आणि पाहण्याचीच संवय सुटते.

म्हणून विद्यार्थिमित्रांस एक सूचना करावीशी वाटते. कॅमेरा मागण्यापूर्वीं एक महिना घरांतल्या मोबाइलवर, झूम न वापरतां, रोज बाराच चित्रें घ्यावीं. सकाळचा, दुपारचा व सायंकाळचा उजेड एकाच दारांतून कसा वेगवेगळा येतो, तें टिपावें. महिन्याअखेर त्यांतलीं वीस निवडून आईवडिलांपुढें ठेवावीं, आणि कोठें मोबाइल अपुरा पडला, उजेडांत, अंतरांत कीं वेगांत, हें त्यांस समजावून सांगावें. असें सांगतां येऊं लागलें, कीं कोणता कॅमेरा घ्यावा याचें उत्तर बहुतेक मिळालेंच. आणि पालकांस विनंती ही, कीं मुलानें हा महिना नेटानें पुरा केला, तर खर्चाची सवड होतांच त्यास साधा का होईना, कॅमेरा अवश्य घेऊन द्यावा. तो कपाटांत पडून राहण्याची भीति फारशी उरत नाहीं.